नॅनोसेल्युलोजच्या जीवाणूरोधक फिल्मला ‘झोन’ येत नाही तेव्हा काय तपासावे

लक्षणे

उसाच्या चिपाडापासून, कापसाच्या आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून मिळवलेल्या नॅनोसेल्युलोजमध्ये (सेल्युलोजच्या नॅनोमीटर मापाच्या तंतूंमध्ये किंवा स्फटिकांमध्ये) चांदी, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा कायटोसान किंवा ओव्यातील थायमॉल यांसारखा जीवाणूरोधक घटक घालून आपण फिल्म तयार केली, तिचा तुकडा जीवाणू पसरलेल्या अगारवर (जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी इनक्युबेटरमधून प्लेट काढल्यावर पुढीलपैकी काही दिसले, तर हे टिपण आपल्यासाठी आहे.

- जीवाणूंचा दुधी थर फिल्मच्या अगदी कडेला येऊन टेकला आहे आणि झोन, म्हणजे फिल्मभोवतीचे जीवाणू न वाढलेले स्वच्छ कडे, मुळीच नाही.
- पहिल्या खेपेच्या फिल्मला चांगला झोन आला होता, पण त्याच कृतीने केलेल्या दुसऱ्या खेपेला तो आला नाही.
- एकाच फिल्मच्या तीन तुकड्यांपैकी एकाला झोन आहे आणि दोघांना नाही, किंवा झोन तुकड्याच्या एकाच बाजूला आहे.
- काहीही न घातलेल्या कोऱ्या फिल्मभोवतीही झोन दिसतो आहे.
- द्रवातील चाचणीत जीवाणूंची संख्या घटलेली दिसते, प्लेटवर मात्र काहीच नाही.

मी उसाच्या पट्ट्यातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे चिपाडाला तोटा नसल्यामुळे दरवर्षी एम.एस्सी.चे दोन-तीन विद्यार्थी हाच प्रकल्प घेतात, आणि जानेवारी उजाडला की “मॅडम, झोन येत नाही” हे वाक्य ठरलेले असते. त्याच्या पाठोपाठ येणारे वाक्यही ठरलेले असते: “चांदी दुप्पट करून बघू का?” माझे उत्तर दरवेळी नाही असेच असते, आणि त्याची कारणे सुरुवातीलाच सांगणे मला आवश्यक वाटते. बहुतेक वेळा चांदी कमी पडलेली नसते. ती जीवाणूंपर्यंत पोहोचत नसते किंवा पोहोचूनही आपल्या चाचणीला दिसत नसते, आणि अशा वेळी वाढवलेली चांदीही त्याच वाटेने वाया जाते. शिवाय ही फिल्म पुढे जखमेच्या पट्टीसाठी विचारात घ्यायची असेल, तर जी चांदी जीवाणूंना मारते ती अधिक प्रमाणात त्वचेच्या पेशींनाही इजा करते. म्हणून खालील सर्व पडताळण्या पूर्ण होईपर्यंत चांदीचे प्रमाण होते तेच ठेवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की असू द्यावी. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी, आणि तिच्यात जीवाणूंना मारणारे असे काही नसते. तंतू नॅनोमीटरच्या मापाचे झाले म्हणून तो गुण आपोआप येत नाही. फिनलंडमधील यूपीएम या कंपनीची बर्चच्या लाकडापासून केलेली नॅनोसेल्युलोजची जखमपट्टी जखमेला ओलसर आच्छादन देण्याचे काम करते, आणि तिच्यात वेगळा जीवाणूरोधक घटक नसतो. जपानमध्ये निप्पॉन पेपर समूहाने २०१५ मध्ये प्रौढांच्या डायपरमध्ये नॅनोसेल्युलोज वापरले, तेही दुर्गंधी रोखणारे धातूचे आयन त्याच्या पृष्ठभागावर बांधून. नॅनोसेल्युलोज हा उत्तम वाहक आहे. त्याचे पृष्ठफळ प्रचंड असते, ते भरपूर पाणी धरून ठेवते, आणि ऑक्सिडीकरण केले तर त्याच्या अंगावरील ऋणभारित कार्बॉक्सिल गट धन आयनांना पकडून ठेवतात. मात्र पकडून ठेवणे आणि वेळेवर सोडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आमच्याकडील बहुतेक तक्रारींचे मूळ या दोहोंच्या मधल्या जागेत सापडले आहे.

पहिली पडताळणी: फिल्म उचलून खाली पाहा

याला एक पैसाही लागत नाही, तरीही दहापैकी आठ जण ही पडताळणी न करताच प्लेट ऑटोक्लेव्हच्या डब्यात टाकतात. निर्जंतुक चिमट्याने फिल्मचे एक टोक धरून ती सावकाश उचलावी आणि तिच्या खालची अगारची जागा दिव्याच्या तिरप्या उजेडात पाहावी. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीची “नापास” झालेली प्लेट मी अशीच खिडकीजवळ नेली होती. वरून पाहता दुधी थर फिल्मच्या चारही कडांना भिडलेला होता. फिल्म उचलल्यावर मात्र खाली नितळ, स्वच्छ, फिल्मच्याच मापाचा चौकोन होता आणि त्यात एकही वसाहत नव्हती. फिल्म नापास झाली नव्हती. तिला विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

झोन येण्यासाठी जीवाणूरोधक घटकाला फिल्ममधून सुटून अगारमध्ये पसरावे लागते. कायटोसानचा मोठा रेणू अगारमधून जवळजवळ पसरत नाही. सेल्युलोजला रासायनिक बंधाने जोडलेले चतुर्थक अमोनियम गट (जीवाणूंना मारणारे धनभारित गट) तर जागचे हलतच नाहीत. ते स्पर्शाने मारतात. अशा फिल्मला झोन न येणे हा दोष नाही, उलट अन्नाच्या वेष्टनासाठी तो गुणच आहे, कारण घटक अन्नात उतरत नाही. खालची जागा स्वच्छ असेल तर मधल्या पायऱ्या सोडून थेट पुढे दिलेल्या मोजणीच्या चाचणीकडे जावे. खाली जीवाणू वाढलेले असतील, तरच क्रमाने पुढे चालावे.

दुसरी पडताळणी: प्लेटवर साक्षीदार होते का

प्रत्येक प्लेटवर किमान दोन तुलनेचे नमुने असलेच पाहिजेत: त्याच लगद्याची, त्याच दिवशी ओतलेली पण घटक न घातलेली कोरी फिल्म, आणि बाजारात तयार मिळणारी प्रतिजैविकाची चकती. आम्ही १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिनची चकती वापरतो. ई. कोलायच्या एटीसीसी २५९२२ या प्रमाण वाणावर तिचा झोन १९ ते २६ मिलिमीटरच्या दरम्यान यायला हवा. तो या मर्यादेबाहेर गेला, तर फिल्मबद्दल बोलण्यात काही अर्थ नाही, कारण चूक प्लेटमध्ये, माध्यमात किंवा जीवाणूंच्या वाणात आहे. प्रमाण वाण नसेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहाकडून किंवा चंडीगडच्या संग्रहातून रीतसर मागवता येतो. शेजारच्या विभागातून लूपवर उचलून आणलेला, किती वेळा पुनर्रोपण झाले आहे याची नोंद नसलेला वाण वापरू नये.

कोऱ्या फिल्मलाच झोन आला असेल, तर ती बाब अधिक गंभीर समजावी, कारण याचा अर्थ आधीचे “यशस्वी” निकालही संशयास्पद ठरतात. त्याची कारणे चौथ्या पडताळणीत येतील.

तिसरी पडताळणी: प्लेट कशी भरली आणि फिल्म कशी बसली

अगारचा थर ४ मिलिमीटर जाड असावा, आणि ९० मिलिमीटर व्यासाच्या प्लेटला त्यासाठी सुमारे २५ मिलिलिटर माध्यम लागते. थर जाड झाला तर सुटलेला घटक खोलवर विरतो आणि झोन आक्रसतो. काटकसर करून १५ मिलिलिटरमध्ये भागवले तर झोन फुगतो. जीवाणूंच्या द्रवाची गढूळता ०.५ मॅकफार्लंड (गढूळता मोजण्याचे एकक), म्हणजे मिलिलिटरला साधारण १० ते १५ कोटी जीवाणू, इतकी ठेवावी आणि ते द्रव पंधरा मिनिटांच्या आत पसरावे. नुसत्या डोळ्यांनी “थोडे गढूळ” म्हणून ठरवलेले द्रव कित्येकदा याच्या पाच-दहापट दाट निघते. तेवढ्या जीवाणूंपुढे थोडक्या चांदीचा निभाव लागत नाही.

फिल्म कशी बसली, हा मुद्दा नॅनोसेल्युलोजच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. वाळलेली फिल्म अगारला टेकताच तिची खालची बाजू पाणी पिऊन फुगते आणि वरची कोरडीच राहते, त्यामुळे ती सुकलेल्या पानासारखी कडांनी वर वळते. रात्रभर तिचा मधला भाग तेवढा टेकलेला असतो. एकाच बाजूला आलेला झोन किंवा तीन तुकड्यांपैकी एकालाच आलेला झोन जवळजवळ नेहमी याच कारणाने असतो. उपाय सोपा आहे. तुकडा आधी निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याच्या एका थेंबाने दोन्ही बाजूंनी ओलसर करावा, अगारवर ठेवून चिमट्याच्या बोथट टोकाने मधून कडेकडे हलकेच दाबावा, आणि खाली हवेचे बुडबुडे राहिले नाहीत हे प्लेट उलटी धरून पाहावे. ओला करण्यासाठी सलाइन वापरू नये. त्याचे कारण लगेच पुढे येत आहे.

चौथी पडताळणी: धुणे पुरेसे झाले का

दुसऱ्या खेपेची फिल्म नापास होण्याचे आमच्याकडील सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि ते शोधायला पीएच पट्टी आणि सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब पुरतो. म्हणून या पायरीवर थोडे सविस्तर लिहिते.

चिपाडातील लिग्निन आणि हेमिसेल्युलोज काढून उरलेल्या लगद्यापासून नॅनोतंतू मिळवण्याची एक रूढ पद्धत म्हणजे ‘टेम्पो’ या संक्षिप्त नावाच्या उत्प्रेरकाने केलेले ऑक्सिडीकरण. टोकियो विद्यापीठातील अकिरा इसोगाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत नॅनोतंतूंसाठी सिद्ध केली, आणि २०१५ चा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार याच कामाला मिळाला. यात साधारण १० पीएचला सोडियम हायपोक्लोराइट आणि सोडियम ब्रोमाइड वापरतात. अभिक्रिया संपल्यावर लगद्यात क्लोराइड आणि ब्रोमाइड भरपूर उरतात. हा लगदा चिकट आणि पाणी धरून ठेवणारा असल्यामुळे गाळणे कंटाळवाणे होते, आणि विद्यार्थी तीन-चार धुण्यांवर थांबतात. अशा लगद्यात सिल्व्हर नायट्रेट घातले की चांदीचा मोठा भाग तत्काळ सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर ब्रोमाइड होऊन बसतो. दोन्ही संयुगे पाण्यात अत्यल्प विरघळतात आणि उजेडात करडी पडतात. फिल्म दिसायला गडद, म्हणजे “भरपूर चांदी असलेली” वाटते, पण मोकळे आयन तिच्यात फारसे नसतात.

पडताळणी अशी करावी. शेवटच्या धुण्याचे गाळलेले पाणी परीक्षानळीत घ्यावे, त्यात विरल नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकावा. पाणी दुधाळ झाले तर धुणे अपुरे आहे. काळ्या कागदापुढे नळी धरली की अगदी पुसटसा दुधाळपणाही दिसतो. पाणी नितळ राहीपर्यंत धुवावे किंवा डायलिसिसच्या (क्षार बाहेर जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याच्या) नळीत दोन-तीन दिवस ठेवून पाणी बदलत राहावे. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असते, तेव्हा शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याचीच हवीत. मी सांगितलेल्या इतर सर्व गोष्टी विसरल्या तरी चालतील, पण ही नळी दर खेपेला करून तिचा निकाल वहीत लिहावा.

आम्लाने केलेल्या नॅनोस्फटिकांची गोष्ट याच्या उलट आहे. ६४ टक्के गंधकाम्लात सुमारे ४५ अंश सेल्सिअसला पाऊण ते एक तास ठेवून हे स्फटिक काढतात. धुतल्यावरही त्यांच्या पृष्ठभागावर सल्फेट गट राहतात, आणि त्यांच्यासोबतच्या हायड्रोजन आयनांमुळे फिल्म आम्लधर्मी राहू शकते. ओलसर कोऱ्या फिल्मवर पीएच पट्टी टेकवली आणि ती ३ च्या आसपास गेली, तर कोऱ्या फिल्मला आलेला झोन आम्लाचा आहे. विरल सोडियम हायड्रॉक्साइडने द्रव उदासीन करून पुन्हा डायलिसिस करावे आणि मगच तुलना करावी. जोडबंध तयार करण्यासाठी ग्लुटारल्डिहाइड वापरले असेल तर तेही न धुतल्यास जीवाणूंना मारते, आणि त्याचे श्रेय चांदीला दिले जाते.

तिसरा प्रकार विकत आणलेल्या द्रवाचा. नॅनोसेल्युलोजचे द्रव साठवणीत बुरशी धरते, म्हणून काही पुरवठादार त्यात परिरक्षक घालतात, आणि काही प्रयोगशाळा स्वतःच ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालून ठेवतात. असे द्रव असेल तर कोऱ्या फिल्मला झोन येऊ शकतो. पण झोनपेक्षा मोठी काळजी वेगळीच आहे: सोडियम अझाइड आणि सिल्व्हर नायट्रेट एकत्र आल्यास सिल्व्हर अझाइड तयार होते, आणि तो स्फोटक पदार्थ आहे. आमच्याकडे एकदा फ्रीजमधील जुन्या बाटलीवरचा पुसट झालेला “अझाइड” हा शब्द एका विद्यार्थ्याने ब्युरेट भरून झाल्यावर, सिल्व्हर नायट्रेट सोडण्याच्या क्षणभर आधी वाचला. त्या दिवसापासून बाटलीवर परिरक्षकाची नोंद नसेल तर ती बाटली चांदीच्या कामासाठी वापरायची नाही, असा नियम आम्ही केला आहे.

पाचवी पडताळणी: माध्यमच चांदी खाते आहे का

ल्युरिया माध्यमात लिटरला ५ ते १० ग्रॅम मीठ असते, न्यूट्रिएंट अगारच्या पुष्कळ पाकिटांत ५ ग्रॅम असते, आणि फॉस्फेट बफर सलाइनमध्ये ८ ग्रॅम. या माध्यमांवर चांदीची चाचणी घेणे म्हणजे सुटणारा प्रत्येक आयन मिठातील क्लोराइडने दारातच अडवणे होय. त्याशिवाय माध्यमातील प्रथिनांचे गंधकयुक्त गट चांदीला घट्ट धरतात. म्युलर-हिंटन अगार, म्हणजे अशा चाचण्यांचे प्रमाण माध्यम, या दोन्ही बाबतींत पूर्णपणे निर्दोष नाही, पण वेगवेगळ्या खेपांची आपसांत तुलना करायची तर तेच, आणि एकाच कंपनीच्या एकाच लॉटचे, वापरावे. दोन विद्यार्थ्यांनी दोन माध्यमांवर काढलेले झोन एकाच तक्त्यात शेजारी मांडू नयेत.

कायटोसानच्या फिल्मसाठी प्रश्न पीएचचा असतो. कायटोसानचे अमिनो गट साधारण ६.५ पीएचच्या खाली धनभारित राहतात, आणि जीवाणूच्या ऋणभारित आवरणाला इजा करण्यासाठी तो धनभार आवश्यक असतो. म्युलर-हिंटन अगारचे पीएच ७.२ ते ७.४ असते, म्हणजे कायटोसान तेथे बहुतांशी निष्प्रभ असतो. यापेक्षाही अधिक वेळा आढळणारी चूक म्हणजे टेम्पो पद्धतीच्या ऋणभारित नॅनोतंतूंमध्ये कायटोसान मिसळणे. दोघांचे विरुद्ध भार एकमेकांना धरून बसतात, फिल्म मजबूत होते, पण जीवाणूसाठी भार उरत नाही. मिसळताना द्रवात दह्यासारख्या गुठळ्या झाल्या असतील, तर हे घडले आहे असे समजावे. तेथे कार्बॉक्सिल गट नसलेले, केवळ यांत्रिक दाबाने केलेले नॅनोतंतू घेणे अधिक योग्य.

सहावी पडताळणी: निर्जंतुकीकरण, वाळवणे, साठवण

फिल्म तयार झाल्यानंतर तिच्यावर काय काय झाले, हे वहीतून क्रमाने वाचावे. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये चांदीचे नॅनोकण एकत्र येऊन मोठे होऊ शकतात आणि थायमॉलसारखे उडनशील घटक निघून जातात. थायमॉलची फिल्म ६० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवली आणि ओव्हनचे दार उघडताच ओव्याचा घमघमाट आला, तर घटक फिल्ममधून खोलीत गेला आहे. अशी फिल्म खोलीच्या तापमानालाच वाळवावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. चांदीच्या फिल्मला दोन्ही बाजूंनी अतिनील प्रकाश देणे तुलनेने सौम्य असते, पण तेही सर्व तुकड्यांना सारखाच वेळ द्यावे, आणि साठवण अंधारातच करावी.

फिल्म खिडकीशी धरून रंग पाहावा. फिकट पिवळा किंवा मधासारखा रंग लहान, सुटे नॅनोकण दाखवतो. करडा किंवा काळपट रंग म्हणजे कण एकत्र आले आहेत किंवा चांदीचे क्लोराइड उजेडाने काळवंडले आहे. चांदी केवळ आयनांच्या रूपात बांधलेली असेल तर ताजी फिल्म रंगहीन असते, आणि त्यात काही वावगे नाही.

वाळवण्याचा आणखी एक परिणाम आहे. सेल्युलोजचे तंतू पूर्ण कोरडे झाले की शेजारच्या तंतूंशी हायड्रोजन बंधांनी असे जखडतात की पुन्हा पाण्यात टाकल्यावरही पूर्वीसारखे फुगत नाहीत. आधी वाळवून पूड केलेले नॅनोसेल्युलोज पुन्हा पाण्यात घोटून फिल्म केली असेल, तर तिची छिद्रे मिटलेली असतात आणि आत अडकलेली चांदी बाहेर येत नाही. पहिली खेप कधीही न वाळवलेल्या लगद्याची आणि दुसरी खेप वाळवलेल्या पुडीची, हा फरक विद्यार्थ्यांना फरक वाटतच नाही. लगदा ४ अंशांना ओलाच ठेवावा आणि महिनाभरात वापरावा.

सातवी पडताळणी: जीवाणू मोजा

इथपर्यंत सर्व ठीक असेल, किंवा पहिल्या पडताळणीत फिल्मखालची जागा स्वच्छ निघाली असेल, तर झोनचा नाद सोडून जिवंत जीवाणूंची मोजणी करावी. न सुटणाऱ्या घटकांसाठी एएसटीएम ई २१४९ ही हलत्या द्रवातील चाचणी आहे, कापडासाठी आयएसओ २०७४३, आणि सपाट, पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागांसाठी आयएसओ २२१९६. नॅनोसेल्युलोजची फिल्म पाणी शोषते, त्यामुळे शेवटची चाचणी तिला जशीच्या तशी लागू करताना विचार करावा लागतो. या पायरीला तीन-चार दिवस आणि पुष्कळ प्लेटा लागतात, म्हणूनच मी ती इतकी खाली ठेवली आहे.

येथे दोन फसगती टाळाव्यात. ठरलेला वेळ संपताच चांदीचा परिणाम थायोग्लायकोलेट किंवा थायोसल्फेट असलेल्या द्रवाने थांबवला नाही, तर ती मोजणीच्या प्लेटवरही जीवाणू मारत राहते आणि निकाल आहे त्याहून चांगला दिसतो. चतुर्थक अमोनियमसाठी लेसिथिन आणि ट्वीन असलेले द्रव लागते. दुसरी फसगत खास नॅनोसेल्युलोजची आहे: तंतूंच्या जाळ्यात जीवाणू जिवंतपणीच अडकतात, द्रवातून नाहीसे होतात, आणि आपण ते मेले असे मानतो. द्रवात घट आहे पण प्लेटवर काही नाही, या लक्षणाचे कारण बहुधा येथे सापडते. फिल्मचा तुकडा बाहेर काढून व्होर्टेक्सवर (नळी घुसळणाऱ्या यंत्रावर) जोराने हलवून सुटलेले जीवाणूही मोजावेत, आणि कोऱ्या फिल्मचेही मोजावेत. जीवाणूंची संख्या दहापट घटली की एक लॉग: घट ९९ टक्के म्हणजे दोन लॉग, ९९.९ टक्के म्हणजे तीन लॉग. “९० टक्के जीवाणू मेले” हे वाक्य कानाला मोठे वाटते, पण ते एकाच लॉगचे आहे.

आठवी पडताळणी: चांदी खरोखर किती आहे

हे सर्वांत खर्चिक काम असल्याने शेवटी येते. दृश्य-अतिनील वर्णपटात ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा असेल तर नॅनोकण आहेत. तो लांब तरंगलांबीकडे पसरट झाला असेल तर ते एकत्र आले आहेत. एकूण चांदीसाठी फिल्म आम्लात विरघळवून अणुशोषण किंवा आयसीपी यंत्रावर मोजावी लागते. हाती आलेला आकडा पडताळायला एक सोपा हिशेब आहे. ग्रॅमला १ मिलिमोल कार्बॉक्सिल गट असलेले सेल्युलोज आयनांच्या अदलाबदलीने जास्तीत जास्त १ मिलिमोल, म्हणजे सुमारे १०८ मिलिग्रॅम चांदी धरू शकते. त्याहून जास्त घातलेली चांदी धुण्याच्या पाण्यात जाते. मोजणीत चांदी अपेक्षेपेक्षा खरोखर कमी निघाली, तर आणि तरच प्रमाण वाढवण्याचा विचार करावा, आणि त्याआधी द्रवाची विद्युतवाहकता मोजत कार्बॉक्सिल गटांचे अनुमापन करून धरून ठेवण्याची जागा पुरेशी आहे का ते पाहावे.

येथे थांबा आणि तज्ज्ञांना बोलवा

अझाइड असलेल्या द्रवात चांदी चुकून मिसळली गेली असेल, तर भांडे हलवू नये, गाळू नये, वाळू देऊ नये. खोली रिकामी करून संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवावे. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटचे द्रव साठवून ठेवलेले आढळले आणि त्यात काळा साका दिसला, तरीही हेच करावे, कारण तो साकाही स्फोटक असू शकतो. असे द्रव लागेल तेवढेच करायचे आणि त्याच दिवशी रीतसर नष्ट करायचे असते.

रुग्णालयातून आणलेले, औषधांना न जुमानणारे जीवाणू महाविद्यालयाच्या साध्या खोलीत हाताळू नयेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठीच जैवसुरक्षेची दुसरी पातळी लागते. ती सोय नसेल तर नमुना सूक्ष्मजीवशास्त्राच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्यावा. वापरलेल्या प्लेटा जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे आधी ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर जायला हव्यात.

कितीही सुंदर झोन आला तरी ही फिल्म माणसाच्या किंवा जनावराच्या जखमेवर लावून पाहू नये, स्वतःच्या बोटावरच्या ओरखड्यावरही नाही. जखमपट्टीसाठी आयएसओ १०९९३ च्या मालिकेतील पेशीविषाक्ततेपासून सुरू होणाऱ्या चाचण्या आणि वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांखालील परवाना लागतो. अन्नवेष्टनासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे वेष्टन-नियम पाहावे लागतात. या दोन्ही कामांना त्या-त्या क्षेत्रातील तज्ज्ञांशिवाय हात घालू नये.

आणि वरच्या आठही पडताळण्या दोनदा करूनही फिल्म कधी चालते, कधी चालत नाही, अशी स्थिती राहिली, तर दोष बहुधा लगद्याच्या गुणवत्तेत आहे आणि तो आपल्या टेबलावर सापडणार नाही. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्प आहे. अशा ठिकाणच्या किंवा जवळच्या विद्यापीठातील लगदा-तंतूच्या जाणकाराला गाठावे. जाताना चाललेली फिल्म, न चाललेली फिल्म, त्याच दिवशी त्याच लगद्यापासून ओतलेली कोरी फिल्म, कधीही न वाळवलेला थोडा लगदा, आणि धुण्याच्या पाण्याच्या निकालांची वही सोबत न्यावी. फिल्म काळ्या कागदात गुंडाळून न्याव्यात.